मान वर करून फोर्ट

ओव्हल मैदानावर शनिवारची दुपार. एकात एक गुंतलेले कितीतरी सामने चाललेत. कुणाचा चेंडू कुणाच्या पॉइंटकडे जातोय, पत्ता लागत नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून राजाबाई टॉवर बघतोय. वर, घड्याळाच्याही वर, दगडी माणसं उभी आहेत. पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींचे हे २४ पुतळे. खालून चेहरे कळत नाहीत, पगड्या तेवढ्या कळतात. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. पैसा कापसाच्या सट्ट्यात गाजलेल्या प्रेमचंद रायचंद या जैन शेठचा, नाव त्यांच्या आईचं, पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. १८७८मध्ये पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याला नुसतं ‘इंग्रजी गॉथिक’ म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

वळसा घालून काळा घोड्याला येतो. सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला मूळ घोडा १९६५मध्ये इथून हलला, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत असतो. इथला नवा घोडा बिनस्वाराचा. (बरंच झालं.) समोर पिवळसर दगडाची डेव्हिड ससून लायब्ररी. ससून बगदादहून आलेले ज्यू. मागच्या बागेत एक आजोबा तोंडावर पेपर घेऊन गाढ झोपलेत. कोपऱ्यावरून आत वळलं की त्याच घराण्यानं १८८४मध्ये बांधलेलं सिनेगॉग. दारावरचा पहारेकरी ओळखपत्र मागतो, मग हसून आत सोडतो. रंगीत काचांतून ऊन फरशीवर सांडलंय.

हुतात्मा चौकात कारंज्यावर रोमन देवी फ्लोरा १८६४पासून उभी, आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं स्मारक. टॅक्सीवाला अजून ‘फाउंटन’च म्हणतो.

तिथून चर्चगेटकडे चालत, क्रॉस मैदानाच्या कडेला, भिकाजी बेहराम यांनी १७२५मध्ये खोदवलेली विहीर. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक पारशी बाई लोकल गाठण्याआधी हात जोडताहेत. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडं. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. तुम्ही गेलात तर माझ्यासारखं कठड्याबाहेरूनच बघा.