घोकणे वेगळे, मोजणे वेगळे

तीन-साडेतीन वर्षांचे पोर 'एक, दोन, तीन' करीत वीसपर्यंत धावते. घरात कौतुक होते, पाहुण्यांपुढे उभे करून म्हणवून घेतात. आता त्याच पोराला सांगून पाहा, "बाळा, खळ्यातल्या पाच काजूबिया आण." ते मूठ भरून आणील. मोजाल तर सात भरतील, नाहीतर तीनच. मग आपण म्हणतो, "येतं तरी मुद्दाम चुकतो!" पण पोर चुकत नाही. त्याला घोकणे आले आहे, मोजणे अजून यायचे आहे.

कॅरन विन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या सुमारास लहान मुलांकडून अशाच वस्तू मागून पाहिल्या. मुलाला आधी नेमके 'एक' कळते. काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. पुढे साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास खरी मेख उमगते, की मोजताना जो आकडा शेवटी आला तेवढ्याच त्या साऱ्या वस्तू. तोवर 'एक-दोन-तीन' हे त्याला गाण्यासारखे असते.

त्यानंतरही वाट लांब असते. सात करवंट्या जवळजवळ मांडा, दुसऱ्या सात लांबलांब. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीत जास्त आहेत असे सांगेल. स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे यांनी हे दाखवून दिले. सहा-सात वर्षांचे झाले की ते आपणहून ओळखते.

आपल्या मराठीत आणखी एक अडचण आहे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी. म्हणून पोर २७ चे ७२ करते. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी, हे तर वेगळेच कोडे. शेजारच्या कानडीत वीस आधी आणि सात नंतर म्हणतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी रीत दिली, तेव्हा मोठे वादंग झाले. जुनी नावे काढली नव्हती, जोडीला सोपी वाट दिली होती, असे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले.

मग आईबापांनी काय करावे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले, पुढे ते कोसबाडला नेले. खडे, पाने, शिंपले हीच तिथली साधने. इन्सुलीसारख्या गावात त्यांना काय तोटा! जेवायच्या वेळी विचारा, "माणसं किती? पानं किती मांडायची?" नारळ उतरवले की एकेकाला हात लावून मोजू द्या. शेवटी विचारा, "मग सगळे किती?" मोठ्या पोराला काजूबियांच्या दहा-दहाच्या राशी करायला लावा. दोन राशी आणि सुट्या सात दिसल्या की सत्तावीस आपोआप समजेल.

मात्र जपा. धाकट्यांच्या हाती बी देऊ नका. ती घशात अडकते, आणि कच्च्या काजूच्या टरफलातले तेल तोंड भाजते. त्यांना करवंट्याच बऱ्या.

आणि चुकले म्हणून 'ढ' म्हणू नका. एकदा आकड्याची धास्ती बसली, की पोर मोजायचे सोडून नुसते घोकू लागते.