विश्लेषण : ‘टर्बो गेला’ की फक्त सेन्सर? डिझेल गाडीतील बिघाड कसा ओळखावा?

इंजिनाचा दिवा लागतो, गाडी पिकअप घेत नाही आणि अनेकदा थेट टर्बो बदलण्याचा सल्ला मिळतो. रायगडच्या किनारपट्टीवर मात्र दोष बऱ्याचदा गंजलेल्या पिनेत किंवा फाटलेल्या होजमध्ये असू शकतो. टर्बोच्या तुलनेत या दुरुस्तीचा खर्च अगदी किरकोळ असतो.

सेन्सर काय करतो?

टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा दाबून भरतो. त्या हवेचा दाब बूस्ट प्रेशर सेन्सर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यानुसार डिझेलचे प्रमाण ठरवतो. दाबाचा आकडा पटला नाही, तर इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ईसीयू ताकद कमी करतो. यालाच ‘लिंप मोड’ म्हणतात. मासळी भरून मुंबईकडे निघालेला टेम्पो कार्लेखिंडीच्या चढावर अशा वेळी रखडला, तर बर्फ वितळतो आणि मालाचा भावही उतरतो.

किनाऱ्यावर धोका जास्त का?

मुरुड, रेवदंडा, श्रीवर्धन भागांत खारा वारा कायमचा आणि पावसाळ्याचे चार महिने दमट. कनेक्टरचे रबरी सील सैल झाले, की ओलावा आत शिरतो, पिनांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि सेन्सरचा संदेश बिघडतो. बॉनेटखाली जोरदार फवाऱ्याने धुतल्यासही पाणी आत जाते.

कोड काय सांगतो?

स्कॅनरवरील कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे. पी०२३७ आणि पी०२३८ हे कोड सेन्सरच्या सर्किटमधील अनुक्रमे कमी व जास्त सिग्नल दाखवतात. तेव्हा आधी वायरिंगकडे पाहावे. पी०२३६ म्हणजे सेन्सरचा आकडा इंजिनाच्या स्थितीशी जुळत नाही. पी०२९९ म्हणजे दाब खरोखरच कमी पडतो आहे. तेव्हा होज, इंटरकूलर, व्हॅक्यूम नळी आणि ॲक्च्युएटर तपासावेत.

तपासणीचा क्रम कोणता?

पहिली चाचणी फुकटची आहे. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे आणि स्कॅनरवर बूस्ट सेन्सरचा आकडा पाहावा. टर्बो फिरत नसल्याने तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा. समुद्रसपाटीला असलेल्या अलिबागला तो साधारण १०० किलोपास्कल दिसेल. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या माथेरानला ९२च्या आसपास. अलिबागला ६० किंवा १४० दिसला, तर संशय टर्बोवर नाही, सेन्सर किंवा वायरिंगवर.

मग कनेक्टर काढून मल्टिमीटरने सेन्सरला मिळणारे ५ व्होल्ट आणि अर्थिंग तपासावे. कनेक्टर परत लावून वायर हलवावी; त्याबरोबर आकडा उड्या मारत असेल, तर जोड सैल आहे. सेन्सरच्या टोकावर तेलकट काजळी साचली असेल, तर ती योग्य क्लीनरने साफ करावी.

आकडा बरोबर आला, तर चढावर गाडी चालवून ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांची तुलना करावी. चालकाने रस्त्यावर लक्ष ठेवावे. स्क्रीन दुसऱ्याने पाहावी. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर होजच्या जोडांवर हवेची गळती शोधावी.

टर्बोवर संशय केव्हा घ्यावा?

निळसर धूर, इंजिन ऑइल झपाट्याने कमी होणे, नवा शिटीसारखा आवाज किंवा टर्बोच्या शाफ्टमध्ये जास्त ढिलेपणा, ही टर्बोच्याच बिघाडाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी गाडी रेटू नये. ऑइल इंजिनात ओढले गेले, तर इंजिन आवरता येत नाही.

ग्राहकाने काय विचारावे?

नवा टर्बो घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : कोड कोणता आला, इंजिन बंद असताना सेन्सरचा आकडा किती होता आणि ५ व्होल्ट पोहोचतात का? ही तपासणी साधारण तासाभरात होते. तिची उत्तरे मिळत नसतील, तर बिघाडाचे निदान अजून झालेले नाही.