बस घाट कसा उतरते

नागपूरच्या माणसाला घाट रोजचा नाही. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. वर्धा रोड घ्या की भंडारा रोड, बस सुटली की नजर पोचेल तिथवर सपाट रान. छिंदवाड्याकडे जाताना सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो, परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना मेळघाटातली वळणं लागतात आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला पचमढी गाठणाऱ्या वैदर्भीयांना तामियाचा रस्ता ओळखीचा असतो. डोंगराशी आपला संबंध बहुधा एवढाच. मग एखाद्या वर्षी पशुपतिनाथ-मुक्तिनाथची यात्रा ठरते. घरचे चार-सहा जण रेल्वेने गोरखपूर गाठतात, सुनौलीला सीमा ओलांडतात, आणि बुटवल सोडताच खिडकीखाली दरी उघडते. गप्पा थांबतात. कोणी डोळे मिटतं, कोणी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसतं.

ती भीती खोटी नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले. त्यातले बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले होते. हे विसरून घाटाबद्दल काही लिहावं असं मला वाटत नाही. पण अनेकदा आपण घाबरतो ते चुकीच्या जागी. वळण आलं की श्वास रोखतो आणि वळण संपलं की निवांत होतो. प्रत्यक्षात वळणावर जे घडतं, त्याची तयारी आधीच्या लांब उतारावर झालेली असते. ती कशी होते हे प्रवाशाला कळलं, तर त्याला वेळेवर बोलता येतं.

आपल्या जवळचाच घाट घेऊ. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा त्याच्या साधारण ७०० मीटर खाली. माणसं आणि सामान धरून १५ टनांची बस हे अंतर उतरते, तेव्हा उंचीमुळे तिच्यात साठलेली सगळी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. हिशेब केला तर ती सुमारे तीनशे लिटर थंड पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी भरते. ती खर्च झाली नाही तर तिचा वेग होतो. म्हणजे घाट उतरणं हे मुळात उष्णता बाहेर टाकण्याचं काम आहे, आणि ती कोण बाहेर टाकतं यावर सगळं अवलंबून आहे: ब्रेक की इंजिन.

बसच्या चाकात लोखंडी ड्रम असतो. ब्रेक दाबला की हवेच्या दाबाने आतले शू पसरतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमला आतून घासतात. सपाट रस्त्यावर दोन-चार सेकंद घासले की पुढचे काही किलोमीटर ड्रमला थंड व्हायला मिळतात. घाटात ती उसंत नसते. पाय ब्रेकवरच राहिला तर ड्रम तापतो, तापला की फुगतो, आणि शूला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर कापावं लागतं. लायनरही तापून आपली पकड सोडू लागतात. आधी जळका वास येतो. मग ड्रायव्हरला पूर्वीपेक्षा जोरात पाय द्यावा लागतो. शेवटी पेडल तळाला जातं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. बातमीत ज्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात, त्यात पुष्कळदा काहीच तुटलेलं नसतं. ब्रेक फक्त तापलेले असतात.

एअर ब्रेकमध्ये एक चांगली सोय आहे. हवेचा दाब कमी झाला की आधी बझर वाजतो, आणि दाब फारच घटला तर स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप लागतात. पण ते लागतात त्याच ड्रमवर, त्याच लायनरनी. तापलेल्या चाकाला या सोयीचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून उतरण्याचं खरं काम इंजिनाने करायचं असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, असा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे; नव्या, ताकदवान गाड्यांना तर त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जाणं थांबतं. आता इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि तेवढं अवजड यंत्र ओढण्यात गाडीचा जोर खर्च होतो. बहुतेक मोठ्या बसमध्ये एक्झॉस्ट ब्रेकही असतो. तो धूर बाहेर जाण्याची वाट झडपेने अडवतो, त्यामुळे इंजिन आणखी जड फिरतं. महागड्या बसमध्ये चाकातले ब्रेक न वापरता वेग रोखणारा रिटार्डर असतो. या सगळ्यांमुळे चाकातले ब्रेक थंड राहतात, वळणावर हवे तेव्हा लागावेत म्हणून.

प्रवाशाला हे ऐकू येतं. उतारावर इंजिनाचा चढा, एकसारखा घरघराट आणि मधूनच एक्झॉस्टचा फुसफुसता, घोगरा आवाज येत असेल, तर ड्रायव्हर जाणता आहे. आवाज ऐकून पुष्कळांना गाडी ताणली जातेय असं वाटतं; मला मात्र त्या आवाजाने झोप लागते. काळजी वाटावी ती उलट वेळी: गाडी खाली धावतेय, इंजिन शांत आहे, आणि फक्त ब्रेकच्या हवेचा ‘फुस्स, फुस्स’ ऐकू येतोय. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडण्याची वाईट खोड काही जणांना असते. त्या अवस्थेत सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलं तर तो पडेलच असं नाही. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा असतो.

आता वळण. रस्ते बांधणाऱ्यांनी ते निष्काळजीपणे सोडलेलं नसतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे हेअरपिन वळणाच्या आतल्या बाजूची त्रिज्या किमान १४ मीटर हवी. घाटाचा एरवीचा उतार शंभर मीटरला पाच-सहा मीटर असला, तरी हेअरपिनमध्ये तो अडीच मीटरपेक्षा जास्त नसावा. म्हणजे निकषाप्रमाणे बांधलेल्या घाटात वळणाची जागा मुद्दाम सपाट ठेवलेली असते. तिथे वेग धरलेला असतो ताशी २० किलोमीटर. ३० ने शिरलात तर बसला बाहेर ढकलणारा जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. वळण फसतं ते इथे.

पहिल्या रांगेत बसणाऱ्याला वळणावर आणखी एक अनुभव येतो. बस वळतच नाही, सरळ दरीत निघाली आहे, असं त्याला स्पष्ट दिसतं. कारण साधं आहे. अशा बसमध्ये पुढची चाकं ड्रायव्हरच्या मागे असतात आणि बसचं नाक चाकांच्या दोनेक मीटर पुढे असतं. मागची चाकं वळणाच्या आतून कापत येतात, म्हणून ड्रायव्हरला गाडी आधी बाहेर काढून मगच फिरवावी लागते. त्या क्षणी तुमच्या पायाखाली खरोखर दरी असते, पण चाकं डांबरावर असतात. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी दोन्ही चाकांच्या मधल्या सीटवर बसावं; हिसकेही तिथे कमी बसतात.

दरी डाव्या हाताला असली की आपल्या ड्रायव्हरला कडेचं चाक दिसत नाही, कारण तो उजवीकडे बसलेला असतो. नेपाळातही वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, म्हणून तिथेही हीच अडचण. बोलिव्हियात ला पाझजवळच्या युंगास रस्त्यावर तोडगा म्हणून एक विलक्षण नियम होता. सगळा देश उजवीकडून गाडी चालवतो, पण त्या अरुंद कड्यावर डावीकडून. स्टिअरिंग डावीकडे असल्याने कडेला जाणारा ड्रायव्हर खिडकीतून वाकून आपलं चाक बघू शकत असे. बाहेरची बाजू उतरणाऱ्या गाडीने घ्यायची आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. २००६ मध्ये पर्यायी रस्ता झाला आणि बहुतेक वाहतूक तिकडे वळली.

चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम भारतातही आहे, नुसता शिष्टाचार नाही. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलताना मागे सरकू शकते. उतरणारी त्या मानाने सहज थांबते. स्वित्झर्लंडमध्ये तर डोंगरातल्या काही रस्त्यांवर पिवळ्या शिंगाची पाटी असते. तिथे समोरच्या सर्व गाड्यांनी पोस्टाच्या बसच्या ड्रायव्हरचं ऐकायचं, तो म्हणेल तर मागेही घ्यायचं. आंधळ्या वळणाआधी ती बस तीन सुरांचा भोंगा वाजवते. आपल्याकडे एसटीचा कंडक्टर खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत गाडी मागे घ्यायला लावतो तेव्हा घाटातलं हेच काम तो करत असतो. त्या वेळी त्याच्याशी वाद घालू नये.

पावसाने मात्र सगळे हिशेब बदलतात. डोंगरातला रस्ता आतल्या बाजूने कापून आणि बाहेरच्या बाजूने बऱ्याचदा भराव घालून केलेला असतो. पाण्याने आतून दरड सुटते आणि बाहेरची साइडपट्टी भुसभुशीत होते. १५ टनांच्या बसचं चाक तिच्यावर गेलं की ती खचू शकते. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नेपाळमध्ये नारायणगड-मुगलिंग रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळली आणि दोन बस प्रवाशांसह त्रिशूली नदीत वाहून गेल्या. तिथे ना ब्रेक कामाचे होते ना गिअर. पावसाळी रात्री त्या रस्त्यावर नसणं हाच एक उपाय होता.

म्हणून यात्रा ठरवताना देवदर्शनाच्या यादीइतकंच लक्ष बसकडे द्या. घाट दिवसा पार होणार का, दुसरा ड्रायव्हर सोबत आहे का, गाडी चालवणारा डोंगरातला आहे की सपाटीवरून आलेला, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि उतारावर इंजिन शांत होऊन जळका वास आला, तर संकोच करू नका. ‘भाऊ, घाई नाही, जरा बाजूला घ्या, चहा पिऊ,’ एवढं म्हटलं तरी ड्रम थंड व्हायला अर्धा तास मिळतो. रात्रीचं हॉटेल वाचतं म्हणून अंधारात घाट उतरवणारी सहल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.