हॉप्स उकळीत केव्हा घालावा?

भांगेच्या कुळातील हॉप्स ही बहुवर्षायू वेल भारतात प्रामुख्याने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात घेतली जाते. तिच्या मादी फुलोऱ्याचे हलके, कागदी शंकू बिअरसाठी वापरतात. शंकूतील दलांच्या बुडाशी ल्युपुलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते आणि पिकाचे सारे मोल तिच्यातच साठलेले असते. या भुकटीतील आल्फा आम्ले कडवटपणा देतात, तर बाष्पनशील तेले सुगंध देतात. पहिल्या घटकाला उष्णता हवी असते; दुसऱ्याला ती मारक ठरते. त्यामुळे घरगुती प्रमाणावर बिअर करणारा हॉप्स केव्हा घालतो, यावर एकाच शंकूचा गुण बदलतो. उत्पादकाने काढणीनंतर कोणता घटक जपावा, हेही त्यावरूनच ठरते.

आल्फा आम्ले मूळ रूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, उकळत असताना त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि विद्राव्य, कडू अशी आयसो-आल्फा आम्ले तयार होतात. हा बदल सावकाश घडतो. समजा, 20 लिटर वर्टमध्ये 8 टक्के आल्फा आम्ले असलेला 20 ग्रॅम हॉप्स घातला. लिटरमागे 80 मिलिग्रॅम आल्फा आम्ले झाली. 60 मिनिटे उकळल्यास मध्यम दाटपणाच्या वर्टमध्ये त्यांपैकी सुमारे 23 टक्के उपयोगी पडतात, म्हणजे कडवटपणा 18 एककांच्या आसपास येतो (एक एकक म्हणजे लिटरमागे ढोबळमानाने एक मिलिग्रॅम आयसो-आल्फा आम्ल). तोच हॉप्स शेवटची 15 मिनिटे उकळला तर सुमारे 9 आणि 5 मिनिटे उकळला तर जेमतेम 4 एकके मिळतात. तासाभरानंतर मात्र उकळी लांबवून फारसा लाभ होत नाही. वर्ट अधिक दाट असेल, तर हे सर्व आकडे खाली येतात.

येथे लाहौलचीच एक गंमत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटर उंचीवर पाणी 90 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते आणि तेवढ्या तापमानात या बदलाचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे ज्या खोऱ्यात हॉप्स पिकतो, तेथेच त्याचा कडवटपणा उतरवणे अधिक कठीण! जवापासून घरी छांग करण्याची तेथील परंपरा जुनी असली, तरी छांगेत हॉप्स घालत नाहीत.

सुगंधी तेलांचा हिशेब याच्या उलट आहे. मायर्सीन, लिनालूल यांसारखी संयुगे वाफेबरोबर निघून जातात; तासभर उकळलेल्या हॉप्सचा सुगंध जवळपास उरतच नाही. आमटीत कोथिंबीर शेवटी घालतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून कडवटपणासाठीचा हॉप्स उकळीच्या आरंभी घालतात, चवीसाठीचा शेवटच्या 15 ते 5 मिनिटांत आणि सुगंधासाठीचा आच बंद केल्यावर. वर्ट 80 अंशांपर्यंत निववून त्यात हॉप्स 20 ते 30 मिनिटे भिजत ठेवल्यास कडवटपणाची भर थोडीच पडते आणि तेले बऱ्याच अंशी टिकतात. मुख्य किण्वन आटोपल्यावर थंड बिअरमध्ये तीन ते पाच दिवस हॉप्स ठेवणे, ही सुगंधाची सर्वांत थेट वाट होय.

शेताकडे वळल्यावर या वेळापत्रकाचे महत्त्व कळते. ताज्या शंकूत 75 ते 80 टक्के ओलावा असतो. तो 8 ते 10 टक्क्यांवर आणावा लागतो. घाईने, 65 अंशांहून अधिक उष्णतेत वाळवल्यास तेले भट्टीतच उडतात. कडवटपणासाठी घेणाऱ्याला ते फारसे जाणवणार नाही, पण उशिरा घालण्यासाठी घेतलेला माल त्याच्या दृष्टीने वायाच गेला. साठवणीत हवा लागली तर आल्फा आम्लेही घटतात. त्यामुळे माल हवाबंद पाकिटात, थंड जागी ठेवावा. पाकिटावर काढणीचे वर्ष आणि आल्फा आम्लांची टक्केवारी नसेल, तर ग्राहकाला वरचा हिशेब मांडता येत नाही. लहान ग्राहकाशी व्यवहार करताना विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम याच दोन नोंदींचा आग्रह धरावा. घरी बिअर करण्यास परवानगी आहे की नाही, हे मात्र त्या त्या राज्याच्या उत्पादनशुल्क कायद्यावर अवलंबून असते.

प्रयोगशाळा जवळ नसल्यास शंकू तळहातावर चोळून हुंगावा. फुलांचा, लिंबाचा वा मसाल्याचा दरवळ आला, तर तो लॉट सुगंधासाठी वेगळा ठेवावा. जुन्या चीजसारखा कुबट वास आल्यास राळ ऑक्सिडीकरणाने बिघडली आहे असे समजावे आणि असा लॉट उशिरा घालण्यासाठी मुळीच विकू नये.