जुन्या गाडीचं छत : न दिसणाऱ्या कामाचे पैसे कसे मागायचे?



ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं तर त्याच्याही कितीतरी आधी. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तरी हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या आजही आहेत. रंग, क्रोम, सीट यावर हे लोक हौसेनं खर्च करतात आणि मग एप्रिलच्या उन्हात गाडी बाहेर काढली की म्हणतात, "आत भट्टी झालीय, आणि छत डब्यासारखं वाजतंय!"

इथे तुमच्यासाठी काम आहे. तुम्ही डेंटिंग, सीट कव्हर किंवा कार ॲक्सेसरीजच्या धंद्यात उतरत असाल, तर हे नीट वाचा.

छत वाजतं का?
छताचा पत्रा म्हणजे मोठा, पातळ तुकडा. कडांना पक्का, मध्ये मोकळा. गाडी धावली की तो ढोलासारखा थरथरतो. यावर उपाय तीन, आणि तिन्ही वेगळे आहेत. ग्राहकाला ते वेगळे करून सांगता आले पाहिजेत.

१. थरथर कमी करायला : ॲल्युमिनियम फॉइल लावलेली ब्युटाइल शीट. ती पत्र्यावर रोलरनं घट्ट दाबायची, आत हवा राहता कामा नये. पूर्ण छत झाकायची गरज नसते. मधला मोकळा भाग साधारण निम्मा झाकला तरी आवाजात फरक पडतो. उगाच वजन वर चढवू नका. स्वस्त डांबरी शीट छताला नको. उन्हात ती मऊ पडते, वास येतो, सुटून लोंबते.

२. उष्णता अडवायला : त्यावर बंद छिद्रांचा रबरी फोम. स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा फोम पाणी धरतो आणि वरचा पत्रा आतून गंजतो. स्प्रे फोमही टाळा. फुगताना तो पातळ पत्र्याला फुगवटा आणू शकतो आणि पुढे काढता येत नाही.

३. मजबुतीला : आतली आडवी पट्टी पत्र्यापासून सुटली असेल, तर तिथे लवचिक सीलर भरा. छताच्या मधोमध वेल्डिंग नको. उष्णतेनं पत्रा वाकडा होतो आणि बाहेरचा रंगही जातो.

चिकटवण्याआधी गंज घासून काढणं, इपॉक्सी प्रायमर मारणं आणि तो पूर्ण वाळू देणं हे ठरलेलंच. गंजावर शीट लावली, तर रोग झाकला जातो, बरा होत नाही.

आता हिशेब
आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर घाला. मटेरियल ६,००० रुपये. दोन माणसं, तीन दिवस, रोज ९०० प्रमाणे ५,४००. काचेचं रबर आणि किरकोळ २,०००. जागेचं भाडं रोज ५०० धरून १,५००. एकूण १४,९००. तुम्ही २०,००० सांगितले, तर ५,१०० उरतात. छान!

पण लायनिंग उतरवल्यावर खाली गंजानं भोकं पडलेली निघाली. दोन दिवस वाढले. मजुरी ३,६००, भाडं १,०००. हातात उरले ५००, आणि पत्र्याच्या ठिगळाचा खर्च अजून धरलेलाच नाही. वर, अनेक जुन्या गाड्यांत लायनिंगच्या कडा काचेच्या रबराखाली दडपलेल्या असतात, म्हणजे काच काढावी लागते. ती तडकली, तर जुन्या मॉडेलची काच शोधत फिरा!

म्हणून कोटेशन दोन भागांत द्या. पहिला भाग : लायनिंग उतरवून तपासणी, ठरलेले पैसे. दुसरा भाग : पत्रा पाहिल्यावर पक्का दर. काच तडकली तर खर्च कोणाचा, हे काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवा. ग्राहक थोडा कुरकुरेल, पण मध्येच फोन करून पैसे वाढवून मागण्यापेक्षा हे बरं.

फोटो हेच तुमचं दुकान
लायनिंग बसली की तुमचं सगळं काम झाकलं जातं. ग्राहकाला दिसतं फक्त कापड. मग तो म्हणणारच, "एवढे पैसे कशाचे?" म्हणून चार फोटो ठरवून काढा : उघडा पत्रा, प्रायमर, शीट, फोम. जॉब कार्डला जोडा, व्हॉट्सॲपवर पाठवा. गाडी विकताना मालकाला तेच उपयोगी पडतात, आणि पुढचा ग्राहकही त्यातूनच येतो.

एक काळजी घ्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. त्यामुळे अशा गाडीच्या छताला कापाकापी करण्याआधी मालकाला हे सांगा आणि आरटीओत विचारायला लावा. "हे करू नका साहेब" असं सांगणारा कारागीर ग्राहक विसरत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : जवळच्या कुशनवाल्याला आणि डेंटरला भेटा. लायनिंग उतरवायला आणि बसवायला ते किती दिवस आणि किती मजुरी घेतात, ते वहीत लिहा. त्या दोन आकड्यांशिवाय पहिलं कोटेशन देऊ नका.