गोऱ्हा शिकवताना कासरा कधी ढिला सोडायचा?

मका घरात आला, शेतं मोकळी झाली, की आपल्या पिशोरच्या भागात नवे गोऱ्हे औताला लावायचं काम निघतं. हे काम पुरुषांचं, असं आपण धरून चालतो. पण त्या गोऱ्ह्याला वैरण कोण टाकतं? पाणी कोण पाजतं, शेण कोण काढतं? आणि घरची गडीमाणसं ऊसतोडीला गेली, की दावणीला राहिलेल्या जनावराजवळ कोण जातं? मारून शिकवलेला गोऱ्हा मारणाऱ्या एकाच माणसाचं ऐकतो, बाकीच्यांवर शिंग उगारतो. म्हणून आजचं बोलणं आपल्यासाठी आहे.

आधी गोऱ्हा बुजतो का, ते समजून घेऊ. गाय-बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त पाठीमागची एक पट्टी दिसत नाही. तिथून कुणी आलं की तो लाथ झाडतो. तो त्याचा खोडसाळपणा नसतो, भीती असते. खोली त्याला नीट कळत नाही, म्हणून वाटेवरची सावली त्याला खड्ड्यासारखी वाटते. वाळत घातलेलं लुगडं फडफडलं तरी तो थबकतो. अशा वेळी मागून काठी बसली, तर त्याच्या मनात ती सावली आणि तो मार एक होऊन बसतात. पुढच्या वेळी तो तिथं दुप्पट बुजतो.

म्हणून जवळ जाताना नेहमी बाजूनं, खांद्याच्या दिशेनं जायचं, तोंडानं काहीतरी बोलत. तो कान टवकारून मान वर करील, एक पाय मागं घेईल. तिथंच थांबायचं. मान खाली आली की आपणही दोन पावलं मागं सरायचं. मागं सरणं ऐकायला उलटं वाटतं, पण सगळी मेख इथंच आहे. आपण शांत राहिलो की ही बाई निघून जाते, हे त्याला कळतं आणि मग आपल्या येण्याची धास्ती कमी होते. दोन-चार दिवसांत तो मानेखालची पोळी खाजवून घ्यायला स्वतःच मान पुढं करतो.

अमेरिकेत मस्टँग नावाचे घोडे मोकळ्या रानात राहतात. स्पॅनिश लोकांनी नेलेल्या घोड्यांचे ते वंशज. 1971 सालच्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. रानात गर्दी झाली की सरकार काही घोडे पकडतं आणि लोकांना पाळायला देतं. माणसाचा हात कधी न लागलेला हा घोडा माणसाळवणारे लोकही हेच करतात: जवळ जा, थांब, तो निवळला की मागं सर. काही तुरुंगांत तर कैद्यांनी असे घोडे शिकवले आहेत. आपला गोऱ्हा त्या मानानं सोपा. तो आपल्याच गोठ्यात जन्मलेला, आपल्या हातची ढेप खाल्लेला.

हात लावू देऊ लागला की म्होरकी घालायची आणि रोज थोडं चालवायचं. इथं बहुतेकांचं गणित चुकतं. आपल्याला वाटतं, दोर ओढला की जनावर शिकतं. खरं तर ते शिकतं दोर ढिला होतो तेव्हा. दोर हलका ताणून धरा, झटका देऊ नका. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं की त्याच क्षणी ढिला सोडा. पाऊल टाकल्यावरही ओढत राहिलात, तर चाललं काय आणि थांबलं काय, त्याला सारखंच. मग त्याला चालायला कारण उरत नाही. सकाळी पाव तास आणि संध्याकाळी पाव तास पुरे. एका दिवसात शिकवायचा हट्ट धरला, की गोऱ्हा बसका निघतो.

एक धोक्याची गोष्ट. दोर कधीही मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नका. गोऱ्हा उधळला तर दोर सुटू द्यावा, गोऱ्हा परत धरता येतो.

वेसण घालायची तर जनावरांच्या डॉक्टरांकडून, जागा बधिर करून घालून घ्यावी. नाक चिघळलं की पुढं महिनाभर तो कुणाला तोंडाजवळ हात नेऊ देत नाही आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

जू मानेवर ठेवायचं ते अडीच-तीन वर्षांनंतर. सुरुवातीला नुसतं जू, शेजारी कामाला मुरलेला शांत बैल. म्हातारा असला तर उत्तम. नवा गोऱ्हा आपल्यापेक्षा त्या बैलाकडून जास्त शिकतो, असं आमचं मत आहे. मग हलका ओंडका ओढायला द्यायचा. ओंडक्याचा मागून येणारा आवाज आधी लांबून ऐकवावा. त्यानंतर मऊ रानात वखर. गोऱ्हा उजवीकडं लावला असेल तर रोज उजवीकडंच लावा. कपाशीत कोळपं चालवताना बैल तासात सरळ चालला नाही तर पीक तुडवलं जातं, म्हणून चालायची-थांबायची हाक घरात सगळ्यांनी एकच ठरवावी. काम सुटल्यावर खांदा चाचपून बघा. कातडी गरम लागली किंवा सूज दिसली तर उद्या जू नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो. गोऱ्ह्याचे शिकायच्या दिवसांत रोज मळले तर काय बिघडलं?

पराणीला आर लावून टोचणं हा नुसता क्रूरपणा नाही, तो गुन्हाही आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्र सरकारनं नियम केले. त्यात टोकदार काठीला बंदी आहे. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात हे आठवणीत ठेवा. कुणी ऐकत नसेल तर कायद्याचं नाव सांगा.

आणि बाजारातून शिकलेली जोडी घ्यायची असेल, तर नुसते दात बघून पैसे मोजू नका. विकणाऱ्याला बाजूला उभं करा, कासरा स्वतःच्या हातात घ्या आणि जोडी वीस पावलं चालवून, थांबवून बघा. बाईचा हात लागताच जी जोडी डोळे पांढरे करते, ती आपल्या घरी कोण सांभाळणार, ते तिथंच विचारा.