जीवामृताचे टिपाड घरीच बांधा, पण ठिबक सांभाळा



शेण घरचे, गोमूत्र घरचे, गूळ-बेसन दुकानात मिळते. मग जीवामृत करण्याचा आणि गाळण्याचा तयार संच घ्यायला हजारो रुपये कशाला घालायचे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेक जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. असा संच दोन टिपाडे, दोन तोट्या आणि एक जुने धोतर एवढ्यात घरी उभा राहतो. मात्र एक गोष्ट चुकली तर वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट नुकसान ठिबकच्या नळ्यांत होते. ते आम्ही स्वतः पाहिले आहे, किंबहुना आमच्याच सल्ल्याने झाले आहे. एका डाळिंबाच्या बागेत आम्ही टिपाडाला तळाशीच तोटी बसवायला सांगितली, म्हणजे थेंबन् थेंब वापरता येईल. पंधरा दिवसांत ओळीच्या टोकाकडची झाडे सुकायला लागली. पाहतो तो ड्रिपर शेणाच्या चोथ्याने बुजलेले! ऐन फुलोऱ्यात फूल गळाले ते गळालेच.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की तोटी तळाशी नको. टिपाडात चोथा आणि माती खाली बसते, फेस व काड्या वर तरंगतात, आणि कामाचे पाणी मध्ये असते. म्हणून घेण्याची तोटी तळापासून वीतभर उंच बसवावी. अगदी तळाला दुसरी, दीड-दोन इंची तोटी फक्त गाळ काढण्यासाठी ठेवावी. खालचे चाळीस-पन्नास लिटर मागे राहते खरे, पण ते वाया जात नाही. कंपोस्टच्या खड्ड्यावर किंवा बांधावरच्या झाडांना घालावे.

टिपाड २०० लिटरचे, प्लास्टिकचे, पूर्ण तोंड उघडणारे घ्यावे. लोखंडी टिपाड स्वस्त मिळते, पण आंबट द्रावणात ते लवकर गंजते. आधी त्यात काय भरले होते हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे टिपाड कितीही धुतले तरी या कामाला घेऊ नये. ज्यांच्यासाठी आपण गूळ घालतो ते जिवाणूच त्यात मरतील, आणि माणसालाही धोका आहे.

भोक निपलाच्या मापाचेच पाडावे, सैल नको. निपलाला आतून-बाहेरून रबरी वायसर लावून आवळावे. मग साधे पाणी भरून रात्रभर ठेवावे. सकाळी खाली ओल दिसली तर तेव्हाच दुरुस्त करावे, कारण शेणकाला भरल्यावर ते काम नकोसे होते. भरलेल्या टिपाडाचे वजन दोन क्विंटलच्या वर जाते. म्हणून ओटा पक्का असावा, चार विटा रचून भागत नाही. जागा सावलीची हवी. आसपास लहान मुले खेळत असतील तर वर जड जाळी बांधावी.

आता भरणी. एका टिपाडाला १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेण गोणपाटात सैल बांधून पाण्यात सोडावे व रोज पिळावे, म्हणजे निम्मा चोथा पोत्यातच अडकतो. पाणी काठोकाठ भरू नये, फेस येतो, म्हणून वीतभर जागा मोकळी ठेवावी. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच ढवळावे असे सांगतात. आमच्या मते दिशेपेक्षा तळापर्यंत ढवळणे महत्त्वाचे. तोंडावर गोणपाट टाकावे. झाकण घट्ट मुळीच लावू नये, आत वायू तयार होतो आणि झाकण उडते. उन्हाळ्यात दोन दिवसांत, थंडीत तीन-चार दिवसांत ते तयार होते. पुढे आठवड्याच्या आत वापरावे. एका एकराला एक टिपाड धरावे.

पाटपाणी असेल तर गाळायची गरजच नाही. ढवळून पाटावर बारीक धार सोडावी. ठिबक असेल तर मात्र आदल्या संध्याकाळी शेवटचे ढवळून रात्रभर निवळू द्यावे. सकाळी मधल्या तोटीतून दुसऱ्या टिपाडात घ्यावे. त्याच्या तोंडावर धोतराचे दुपदरी फडके ताणून बांधावे, ते भरले की बदलावे. जाळीवर विसंबून निवळणे टाळू नये, आमची चूक तीच होती.

म्हणाल, ओटा उंच केला तर द्रावण आपोआप ठिबकमध्ये जाईल की! नाही जाणार. दहा मीटर उंचीने एक किलो दाब मिळतो, आणि ठिबकला साधारण तेवढा लागतोच. चार फुटांच्या ओट्याने काय होणार? त्यासाठी व्हेंचुरीच वापरावी, आणि ती ठिबकच्या जाळीच्या फिल्टरच्या आधी जोडावी, नंतर नव्हे. पंप बंद करण्यापूर्वी व्हेंचुरीची तोटी बंद करावी, नाहीतर द्रावण उलटे विहिरीत उतरते. द्रावण संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे साधे पाणी चालवावे, फिल्टरची जाळी धुवावी आणि नळ्यांची टोके उघडून गढूळ पाणी जाऊ द्यावे. ज्या दिवशी नळ्यांना क्लोरीन किंवा आम्ल दिले असेल, त्या दिवशी जीवामृत सोडू नये.

आणखी एक, थोडे कटू. वर दिलेल्या मापाच्या टिपाडात नत्र पाव किलोच्या आतबाहेर निघते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते २० किलोंहून थोडे अधिक असते. तेव्हा जीवामृत सुरू केले म्हणून शेणखत बंद करू नये, आणि माती परीक्षणाप्रमाणे द्यायची खतेही एकदम तोडू नयेत.

टिपाड रिकामे झाले की तळाची तोटी उघडून खराट्याने धुवावे आणि एक दिवस उन्हात पालथे घालावे. मगच पुढची भरणी.